कालचे बांगडे

"ताई, फिश फ्रेश आहे ना?"

रोज दुपारी कोणीतरी हे विचारतंच. मालवणचा किल्ला बघून, उन्हात भाजून, चपलांमध्ये वाळू घेऊन आलेली मंडळी आमच्या खानावळीच्या बाकावर टेकतात, पंख्याखालची जागा धरतात आणि पाणी पिण्याआधी हा प्रश्न फेकतात. बिचाऱ्यांचा काही दोष नाही. त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं की समुद्रावर गेल्यावर असं विचारायचं असतं. माझी सून हसून म्हणते, "सकाळीच आणलंय." मी मात्र दाराजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेटते. या वयातही पेटते. एकदा एका चष्मेवाल्याला म्हटलं होतं, "नाय, कालचो आसा. खातास काय जातास?" तो हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करते. सून आत जाऊन कपाळावर हात मारत होती.

आता आमच्या घरच्या ग्रुपवर माझी पुण्याची भाची रोज सकाळी कमळ आणि समई घालून एक सुविचार पाठवते. लहान लहान प्रसंगांतून आयुष्य कसं शिकवतं, प्रत्येक भेटणाऱ्या माणसाकडून काहीतरी चांगलं कसं घ्यावं, असलं काहीबाही. परवा तिने फोन करून सांगितलं, "मावशी, तू पण लिही ना. तुझ्या लहानपणी तुला असं कोणी भेटलं असेल, ज्याच्याकडून तू खूप शिकलीस." मी म्हटलं, भेटली होती. माझी ताराकाकी. तिच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं शाळेतही शिकले नाही. भाचीला केवढा आनंद झाला! तिला काय ठाऊक, मी काकीकडे शिकायला म्हणून बघत नव्हते. मी तिचं वाटोळं कसं होतं ते बघत होते.

आमचं घर स्टँडवरून मासळीबाजाराकडे जाणाऱ्या आळीत. एकच घर, मधे भिंत घालून दोन केलेलं. पलीकडे थोरले काका आणि ताराकाकी, अलीकडे आम्ही. भिंतीत एक दार ठेवलेलं, त्याला मधलं दार म्हणायचे, आणि मागे एकच विहीर. दोन्हीकडे ओटीवर बाकं टाकून खानावळ. काकीची आधीची, आमची नंतरची. पहाटे मला जाग यायची ती पाट्यावरवंट्याच्या आवाजाने. आधी पलीकडचा सुरू व्हायचा, जड, सावकाश. मग आमच्या आईचा, हलका आणि भराभर. खोबरं वाटता वाटता आई गुणगुणायची. शब्द कधी कळले नाहीत, वरवंटा मागे गेला की सूर वर जायचा एवढंच. मग चुलीवर भात रटरटायला लागे, आडाळ्यावर नारळ खवल्याचा खर्रखर्र आवाज येई, बाबा बाजारातून टोपली घेऊन येत आणि ओल्या मासळीचा वास घरभर भरे. तो वास आला की माझी झोप पुरती उडायची.

आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं, ते दाटसर तिखट कालवण, हे खरं भांडणाचं मूळ. तिरफळं ती अशा बेताने ठेचून घालायची की जीभ चुरचुरायची आणि माणूस पुन्हा भात मागायचा. हळूहळू एसटीचे कंडक्टर, ड्रायव्हर, कचेरीतले दोघेतिघे कारकून, शाळेतले एक मास्तर, सगळे पलीकडच्या बाकांवरून उठून आमच्या बाकांवर येऊन बसायला लागले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. आई तर उलट घाबरायची. "वैनींका काय वाटात?" म्हणायची. वैनींना काय वाटलं ते लवकरच कळलं.

त्या दुपारी ओटी भरलेली होती. मी पाणी वाढत होते, बाबा भात. आई चुलीपाशी. मधलं दार उघडलं आणि ताराकाकी उंबऱ्यावर उभी राहिली. अंगाने भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, कमरेला पदर खोचलेला. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, आम्हीही भांडलो असतो. ती भांडली नाही. सगळ्यांकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "खावा, खावा. कालचे बांगडे मुरले काय ग्वाड लागतत."

आणि दार ओढून घेऊन गेली.

आदल्या संध्याकाळी उरलेले दोन बांगडे आईने मागच्या पायरीवर ठेवले होते, मांजरांसाठी. रोजच ठेवायची. काकीने विहिरीवरून ते पाहिले होते. ते कशाला ठेवलेत हे तिला पक्कं माहीत होतं, कारण ती मांजरं आधी तिच्याच घरची होती. पण समोर बसलेल्या माणसांना ते कुठून कळणार? मास्तरांनी तोंडाशी नेलेला घास थांबवला. पानाकडे बघितलं आणि घास हळूच खाली ठेवला. मला आजही तो घास दिसतो. मालवणात बाईला चोर म्हणा, भांडकुदळ म्हणा, ती चार शिव्या परत देईल आणि विसरेल. पण तिचा मासा कालचा म्हणालात की तुम्ही तिच्या घरची चूल विझवलीत.

आठवड्याभरात बाकं रिकामी झाली. कोणी काही बोललं नाही. समोरून जाताना हसायचे, "काय गो कुंदा, शाळेत जातंस मा?" विचारायचे आणि पलीकडच्या ओटीवर चढायचे. बाबा म्हणाले, "जावंदे. थोरली वैनी ती. तिका काय बोलूचा?" बाबांचा स्वभावच तो, थोरल्या भावासमोर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मला त्यांचाही राग आला. पहाटे आईचा वरवंटा थोडा वेळ वाजायचा आणि थांबायचा, कारण वाटायला खोबरंच एवढंसं. गुणगुणणं बंद झालं. मी अंथरुणात पडून पलीकडचा जड वरवंटा ऐकत राहायचे. तो थांबतच नसे. दात इतके आवळलेले असायचे की दुखायचे.

मग मी नारळ ठेवला.

आमच्याकडे कोणावर अन्याय झाला आणि माणसांत त्याची दाद लागली नाही, की देवळात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. हे लपूनछपून करायचं काम नव्हे. गुरव मोठ्याने बोलतो, असतील नसतील ती माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. आणि एकदा नारळ ठेवला की तो परत काढायला दोघांनी मिळून यावं लागतं, ज्याने ठेवला त्याने आणि ज्याच्यामुळे ठेवला त्याने. मी शाळेच्या गणवेशातच गेले. गुरवकाकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आवशीन धाडल्यान?"

"नाय. माझी मी इलंय."

"कोणाच्या नावान?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडू तुझ्या पायाकडे इला आसा. तेच्या आवशीच्या अन्नाक नाव ठेयला गेला. जेना ठेयल्यान, तेका तूच बघून घी. आनी समाधान झाला तर परत पदरात पन घी, म्हाराजा!" देवळात तेव्हा दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या. त्या जोरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" मला तर ते शेवटचं पदरात घेण्याचं वाक्य अजिबात नको होतं. मी तसं म्हटलंही. गुरवकाका म्हणाले, "ता घालूचाच लागता. नायतर देव ऐकना नाय."

आता देव काय करतो हे बघायचं होतं. मधल्या दाराला एक फट होती, माझ्या डोळ्याच्या उंचीवर. शाळेतून आले की मी दप्तर टाकून तिथे डोळा लावायचे. तिचं दूध नासलं का, भात करपला का, कोणी पानावरून उठून गेलं का. रविवारी तिच्यामागे बाजारापर्यंत जायचे. आणि त्या बाईने मला काय काय दाखवलं! मासे घेताना ती कल्ले उचलून बघायचीच, शिवाय बांगडा शेपटीने आडवा धरायची. जो ताठ राहील तो टोपलीत, जो वाकेल तो परत. गिऱ्हाईक बसलं की ताट यायच्या आधी भाजलेला पापड पुढे यायचा, म्हणजे रिकाम्या पोटी कोणी वाट बघत बसायचं नाही. कोणाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोसत नाहीत, कोणाचा कुठला वार, कोणाला भात मऊ लागतो, सगळं तोंडपाठ. सोलकढी आधी करून ठेवायची नाही, माणूस जेवायला बसल्यावर नारळाचा रस काढायचा. मी हे सगळं बघायचे आणि घरी आईला सांगायचे. आमच्याकडे उरलेसुरले दोघंतिघं यायचे त्यांच्यापुढे पापड जायला लागला. आई विचारायची, "ह्या खंय शिकलंस गो?" मी म्हणायचे, "असाच."

एकदा सगळी जेवून गेल्यावर काकी एकटीच बसलेली दिसली. भांड्याच्या तळाला राहिलेलं तिखलं तिने भाताला पुसून घेतलं, एक घास खाल्ला आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. पाय सुजलेले होते. मला त्याचाही राग आला. शत्रूने दमायचं नसतं. निदान आपल्यासमोर तरी नाही. माणूस प्रेमाने बघतो तेव्हा अर्धं सोडून देतो. मी काही सोडलं नाही, म्हणून ते सुजलेले पायही माझ्या वाट्याला आले. आज माझे तसेच सुजतात तेव्हा मी तिला दोन शिव्या घालते आणि पाय पाटावर घेते.

आणि मग तिचा हात भाजला. तळणीचं तेल उसळलं आणि उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत सोलपटला. खानावळ बंद. पहाटे पलीकडचा वरवंटा वाजेना. खोटं कशाला सांगू, मी अंथरुणात उठून बसले आणि हसले. नारळाची गोष्ट तोवर आळीभर झालीच होती. वाती वळणाऱ्या दोघींनी ती पोचवायला उशीर केला नव्हता. ताराकाकी देवभोळी. ती मला विहिरीवर गाठायला आली, हात फडक्यात गुंडाळलेला.

"कुंदा, नारळ तू ठेयलंस?"

"व्हय."

"माझो हात बघलंस?"

"बघलंय."

"मगे काढ गो तो. मी येतंय तुझ्यावांगडा देवळात."

मी कळशी भरून घेतली. कालच्या बांगड्यांच्या त्या दुपारपासून मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. आमच्यात काकीला 'तुम्ही' म्हणणं म्हणजे दाराला कडी घालणं. "काढूया," मी म्हटलं. "पण आधी आमच्याकडे जेवक येवा. उद्या दुपारी. सगळी मान्सा बसलेली असताना."

"आनी काय बोलूचा?"

"काय एक बोलू नकात. फक्त जेवा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बापाशीवर नाय गेलंस तू," आणि गेली.

मी त्याच संध्याकाळी स्टँडवर जाऊन कंडक्टरांना सांगितलं, मास्तरांच्या दारात उभी राहून सांगितलं, उद्या ताराकाकी आमच्याकडे जेवणार आहे. बस्स, एवढंच. मग आईला सांगितलं. वाटलं होतं आई रागावेल. तिने हातातलं काम थांबवलं. मग म्हणाली, "उद्या बाजारात मी जातंय. बांगडेच करूया." आणि दुसऱ्या दिवशी बाबांना घरी ठेवून ती स्वतः टोपली घेऊन गेली. परत आली तेव्हा मी बघितलं, प्रत्येक बांगडा शेपटीने धरला तर ताठ राहत होता.

दुपारी ओटीवर बसायला जागा नव्हती. मास्तर त्यांच्या जुन्या जागेवर. तमाशा बघायला आलेली माणसं, पण पानं मांडलीत म्हटल्यावर जेवायला बसली. काकी मधल्या दाराने आली नाही. रस्त्याने फिरून, लग्नात नेसायचं लुगडं नेसून, पुढच्या पायऱ्या चढून आली. बाबांची मान खाली. ती मधल्या बाकावर बसली. आईने ताट ठेवलं. भात, तिखलं, तळलेला बांगडा, सोलकढी. आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. तिचा उजवा हात फडक्यात. डावा हात तिने ताटाकडे नेला आणि थांबली. चारचौघांत डाव्या हाताने कसं जेवणार? मी हे आधी योजलेलं नव्हतं. पण बघून बरं वाटलं, फार बरं वाटलं. बसू दे म्हटलं तशीच.

आईने पदर खोचला आणि तिच्याशेजारी बाकावर बसली. बांगड्याचा तुकडा मोडला, बोटांनी चाचपून काटे काढले, भातात कालवला, घास उचलला.

"वैनी, तोंड उघडा."

काकीने तोंड उघडलं. आईने घास भरवला आणि तिचं चावून होईपर्यंत थांबली. मग स्वच्छ आवाजात विचारलं, "सांगा. कालचे लागतत?"

"ताजे आसत," काकी पुटपुटली.

"काय म्हणालात? मास्तरांका ऐकाक गेला नाय."

"ताजे आसत!"

दुसरा घास. काटे काढले, कालवला. "तोंड उघडा वैनी. ह्यो? ह्यो कालचो?" "ताजो." तिसरा. "बघा हां, नीट बघून सांगा." "ताजो आसा गो सुमन." आई थांबली नाही. भात संपला तशी मला म्हणाली, "कुंदा, भात हाड." वाढला. पुन्हा बांगडा, पुन्हा काटे, पुन्हा तोच प्रश्न. नको म्हणायची सोय नव्हती, नको म्हटलं तर लोक काय समजतील? काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिरफळं त्या दिवशी आईने हात सैल सोडून घातली होती. नुसत्या तिरफळांनी तेवढं पाणी येतं का, ते मला सांगता येणार नाही. ताट पुसून निघालं तेव्हा आईने आपल्या पदराने काकीचं तोंड पुसलं, मास्तरांकडे वळली आणि विचारलं, "मास्तर, तुमका भात वाडू?" मास्तर म्हणाले, "वाढा वैनी. आणि तिखलं जास्त वाढा."

आळीत ही गोष्ट आजही सांगतात. सुमनचं मन किती मोठं, जिने बदनाम केलं तिला स्वतःच्या हाताने घास भरवला, अशी सांगतात. माझी भाचीसुद्धा कमळ आणि समई घालून ती तशीच लिहील. मी तिथे उभी होते. मी आईचे डोळे बघितले होते. क्षमाबिमा काही नव्हतं ते. तो सूड होता, आणि मी योजला होता त्यापेक्षा दसपटीने चांगला होता. रात्री भांडी घासताना मी तिला विचारलं, "पण आये, काटे कित्याक काढलंस? आडाकले असते तर बरा झाला असता." आई खूप दिवसांनी हसली. "काटो आडाकलो असतो तर 'ताजे' कोण म्हणतला हुता?"

दुसऱ्या दिवशी मी आणि काकी देवळात गेलो. गुरवकाकांनी विचारलं, "समाधान झाला?" मी म्हटलं, "झाला." नारळ फोडला, अर्धी वाटी तिला, अर्धी मला. परत येताना आळीच्या तोंडाशी आल्यावर ती म्हणाली, "तुझी आवस तिरफळा जास्ती घालता." चुकलं म्हणून ती कधीच बोलली नाही. हात बरा झाला तशी तिची खानावळ पुन्हा सुरू झाली, पहाटे दोन्ही वरवंटे वाजायला लागले आणि आई त्यातून गुणगुणायची. माझंही काकीवरचं लक्ष सुटलं नाही. आईनंतर मी चालवलेल्या या ओटीवर आजही पापड आधी येतो, सोलकढी माणूस बसल्यावर होते आणि जो बांगडा वाकतो तो परत जातो. हे सगळं मी तिला बुडवायला म्हणून शिकले होते.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे हात चालत नव्हते. जेवण जात नव्हतं, फक्त पेज. मी भरवायला गेले की तोंड मिटून घ्यायची. बाबा आणि काका दोघेही तोवर गेले होते. एका सकाळी मधलं दार करकरलं. त्याची कडी वर्षानुवर्षं कोणी काढली नव्हती. ताराकाकी वाकलेली, काठी टेकत, दुसऱ्या हातात पेजेची वाटी धरून आत आली. मला म्हणाली, "सर गो," आणि आईच्या उशाशी बसली. उजव्या हातावरचे डाग अजून तसेच होते. चमचा भरला, फुंकर घातली.

"सुमन, तोंड उघड."

आईने उघडलं. काकीने पेज घातली, ती गिळेपर्यंत थांबली. मग माझ्याकडे, दाराकडे, सगळ्या रिकाम्या ओटीकडे बघून मोठ्याने विचारलं, "सांग. कालची लागता?"

आईचे डोळे चमकले. असे डोळे मी त्या दुपारनंतर पहिल्यांदा बघत होते. बोलायला तिला फार वेळ लागला, पण एकेक शब्द नीट बोलली.

"शिळी आसा, वैनी. आनी मीठ पन नाय."

असं म्हणाली, आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.